वीस मिलिमीटरचं धरण

जगभरात दररोज १४,१०० कोटी लिटर गोडं पाणी संडासात ओतलं जातं. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली एका शोधाच्या निमित्तानं हा आकडा मांडला आणि सोबत एक तुलना दिली: आफ्रिका खंडातली सगळी माणसं मिळून दिवसाला जेवढं पाणी वापरतात, त्याच्या जवळजवळ सहापट. आपल्या ओळखीचं माप लावायचं तर कोयना धरण घ्या. त्याचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की त्यात सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास तीन लाख कोटी लिटर पाणी असतं. महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरांवर चार महिने कोसळणारा पाऊस साठवून भरलेलं ते धरण जगाच्या फ्लशला एकवीस दिवस पुरतं. वर्षाला सतरा कोयना लागतात.

आणि जगातल्या कोट्यवधी घरांत फ्लशची टाकी अजून पोचायची आहे, तेव्हाचा हा हिशेब. उद्या आठशे कोटी माणसांनी दिवसातून पाच वेळा दहा-दहा लिटरची टाकी रिकामी केली, तर दिवसाला ४०,००० कोटी लिटर लागतील. मग कोयना साडेसात दिवसांत तळ गाठेल.

एवढे मोठे आकडे डोक्यात मावत नाहीत, म्हणून एका माणसापाशी येऊ. आपल्याकडच्या शहरी पाणीपुरवठ्याच्या निकषाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ४५ लिटर फ्लशसाठी असतं. बरोबर एक तृतीयांश. वर्षाचे झाले १६,४२५ लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दीड वेळा रिकामा करूनही पुरायचा नाही. हे सगळं पाणी वाहून काय नेतं? एका माणसाची वर्षाची लघवी सुमारे ५०० लिटर आणि मैला सुमारे ५० किलो. साडेपाचशे किलोची घाण हलवायला सोळा टन पाणी, आणि तेही तुरटी, गाळण्या, क्लोरीन अशा सगळ्या पायऱ्या चढून पिण्याजोगं झालेलं. एकदा ओतलं की ते सोळा टन मैलापाणी होतं, आणि ते पुन्हा स्वच्छ करण्याची आपली तयारी तोकडी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, आणि उभारलेल्या प्रक्रिया केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. निम्मीसुद्धा नाही.

पाणी वाचवा असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवर नको, बादली घ्या. हे सगळं करावंच. पण फ्लशच्या बाबतीत माणसाच्या सवयीला फारसा वाव नसतो. बटण दाबलं की टाकीत असेल तेवढं पाणी जातं. किती जाणार, हे भांड्याचा साचा बनवणाऱ्यानं कारखान्यात आधीच ठरवलेलं असतं. म्हणून मला वाटतं, या प्रश्नाचं खरं उत्तर भांड्याच्या आकारात शोधायला हवं.

संडासाच्या भांड्यात पाण्याला तीन कामं असतात. भांडं धुणं, मैला पुढे ढकलणं, आणि शेवटी वाकड्या नळीत थोडं थांबून राहणं. हे तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं लंडनमध्ये ज्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात खालची नळी वाकवलेली होती. त्या बाकात अडकलेलं पाणी गटारातली दुर्गंधी घरात येऊ देत नाही. यालाच वॉटर सील म्हणतात. शहरातल्या भांड्यात हे सील साधारण ५० मिलिमीटर खोल असतं, आणि त्यालाही कारण आहे. दहा मजली इमारतीत वरच्या कुणी फ्लश केला की उभ्या पाइपातून पाणी कोसळताना हवेचा दाब कमी-जास्त होतो. सील उथळ असेल तर ते ओढलं जाईल आणि गटाराचा वास थेट घरात येईल. म्हणून ५० मिलिमीटर. पण सील जितकं खोल, तितकं साचलेलं पाणी जास्त, आणि ते उलटवून मैल्यासकट पुढे लोटायला वरून तितकाच मोठा लोंढा हवा.

खेड्यातल्या घराला दहा मजले नसतात, गटाराचा पाइपही नसतो. मग तिथे ५० मिलिमीटर कशाला? या साध्या प्रश्नाचं उत्तर दोन खड्ड्यांच्या संडासात आहे. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली बिहारमध्ये सुलभ संस्था सुरू केली आणि हा संडास देशभर नेला. त्याच्या भांड्याचा उतार २५ ते २८ अंशांचा, खडा. मैला चिकटून बसत नाही, आपल्या वजनानंच घसरतो. आणि सील फक्त २० मिलिमीटर. खड्ड्याचं बांधकाम जाळीदार असतं, त्यामुळे वायू मातीत जिरतात, दाब तयारच होत नाही आणि एवढं उथळ सीलही पुरतं. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा. दरम्यान पहिल्यातल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. अशा भांड्याला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी बास होतं. एक मोठं टमरेल.

महाराष्ट्राला ही वाट नवी नव्हती. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करणाऱ्या संडासाचे प्रयोग त्याच्या कितीतरी आधी केले होते. त्यांचा आणि पाठकांचा पहिला हेतू पाणी वाचवण्याचा नव्हताच. माणसाच्या डोक्यावरून मैल्याची पाटी उतरवणं हा होता. पाणी वाचलं ते त्या हेतूच्या पोटी, कारण ज्या घरात नळ नाही तिथे दहा लिटरचा संडास चालूच शकत नाही.

आता हा उतार आणि हे वीस मिलिमीटर मिळून किती पाणी वाचवतात ते मोजू. स्वच्छ भारत मोहिमेत २०१४ ते २०१९ या काळात ग्रामीण भागात दहा कोटींहून जास्त शौचालयं बांधल्याची सरकारी नोंद आहे. सगळीच दोन खड्ड्यांची नाहीत, बऱ्याच जणांनी सेप्टिक टँक बांधले. म्हणून हात आखडून निम्मीच, पाच कोटी धरू. घरात पाच माणसं आणि प्रत्येक जण दिवसातून दोनदा गेला, तर दिवसाला पन्नास कोटी वेळा पाणी ओतलं जातं. दर वेळी दोन लिटर म्हणजे १०० कोटी लिटर. त्याच जागी दहा लिटरवालं शहरी भांडं असतं तर ५०० कोटी. फरक ४०० कोटी लिटरचा, दररोज.

मुंबई महानगरपालिका सात तलावांतून अख्ख्या शहराला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी देते.

म्हणजे भांड्याचा थोडा खडा उतार आणि उथळ सील मिळून, माझ्या या सावध हिशेबानंही, दिवसाला एक मुंबई वाचते. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा, दीडशे वर्षांहून जास्त काळ खपून उभी केलेली सगळी व्यवस्था एका पारड्यात आणि मातीत बसवलेलं एक भांडं दुसऱ्या पारड्यात.

पण हा हिशेब एका घराचाही करायला हवा, कारण खेड्यात तो कुणाच्या तरी मानेवर येतो. गवंड्यानं शहरातल्या दुकानातलं कमी उताराचं, खोल सीलचं भांडं आणून बसवलं, की त्याच पाच माणसांना रोज ८० लिटर पाणी जास्त लागतं. पंधरा लिटरचे पाचाहून जास्त हंडे. ते विहिरीवरून कोण आणतं हे सांगायला नको. संडास बांधूनही घरातली माणसं शेतात का जातात, याची कारणं शोधताना या पाच हंड्यांकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही असं मला मनापासून वाटतं. भांडं बसवण्याआधी त्याचा उतार बघणं हे काम ग्रामपंचायतीतल्या माणसालाही जमण्यासारखं आहे. शिवाय कमी पाणी गेलं की खड्डा ओला राहत नाही, खत लवकर होतं आणि शेजारच्या विहिरीत झिरपणारी घाणही कमी होते.

शहराकडे वळलं की ५० मिलिमीटर सुटत नाहीत. मग तिथे काय करता येतं? न्यूयॉर्कनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. १९९४ ते १९९७ या काळात त्या शहरानं जुने कमोड बदलणाऱ्यांना पैसे परत दिले, घरातल्या पहिल्या कमोडमागे २४० डॉलर. जुन्या इमारतींतले पाच गॅलनचे, म्हणजे १९ लिटरचे कमोड काढून सहा लिटरचे बसवायचे. सुमारे १३ लाख कमोड बदलले गेले. ज्या इमारतींत बदल झाला तिथला पाणीवापर सरासरी २९ टक्क्यांनी उतरला, आणि शहराची दिवसाला किमान सात कोटी गॅलनची बचत झाली. आपल्या मापात साडेसव्वीस कोटी लिटर. १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर देतं. त्याच्या निम्म्याहून जास्त पाणी न्यूयॉर्कनं तीन वर्षांत, एकही भिंत न बांधता आणि एकही गाव न उठवता मिळवलं. गाव न उठवता हे मुद्दाम म्हणतो, कारण त्याच शहरासाठी आधीच्या पिढ्यांनी कॅट्सकिलच्या डोंगरांत तलाव बांधताना गावंच्या गावं पाण्याखाली घातली होती.

हे सुरळीत मात्र झालं नाही. अमेरिकेच्या १९९२ च्या ऊर्जा कायद्यानं १९९४ पासून नव्या घरगुती कमोडला सहा लिटरची मर्यादा घातली. तोवर तेरा लिटर सर्रास चालत होते. घाईत अनेक कारखानदारांनी टाकीतलं पाणी कमी केलं आणि खालचं भांडं जुनंच ठेवलं. ते तुंबायला लागलं. लोक दोनदा, तीनदा फ्लश करू लागले. काहींनी सीमेपलीकडून कॅनडातले जुने कमोड आणले, आणि हा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव थेट संसदेत गेला. कमी पाण्याचा संडास म्हणजे तुंबणारा संडास ही समजूत तेव्हाची, आणि ती अजून आपल्याकडच्या प्लंबरच्या तोंडीही ऐकू येते.

त्यातून बाहेर काढलं ते मोजमापानं. २००३ साली कॅनडा-अमेरिकेत एक चाचणी सुरू झाली. सोयाबीनची आंबवलेली पेस्ट ठरावीक आकारात भरून भांड्यात टाकायची आणि एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातात ते नोंदवायचं. आज अमेरिकेत पाणी-बचतीचं सरकारी चिन्ह हवं असेल तर ४.८ लिटर पाण्यात ३५० ग्रॅम गेलेच पाहिजेत. चांगली भांडी एक हजार ग्रॅमपर्यंत नेतात. तेरा लिटरच्या जुन्या भांड्याला जे जड जायचं ते पाच लिटरच्या आतलं भांडं सहज करतं, कारण इंजिनिअरांनी आतली नळी रुंद केली, तिच्या आतल्या अंगाला काचेसारखी झिलई दिली आणि टाकीचं तोंड मोठं केलं. लेखाच्या सुरुवातीचे पेनसिल्वेनियाचे संशोधकही याच दिशेनं पुढे गेलेत. भांड्यावर फवारायचा असा गुळगुळीत लेप त्यांनी तयार केला की काही चिकटतच नाही, आणि प्रयोगात धुवायला लागणारं पाणी नव्वद टक्क्यांनी कमी झालं.

याला एक खरी मर्यादा आहे. फार कमी पाणी सोडलं तर मैला भांड्यातून जातो, पण पुढच्या आडव्या पाइपात मध्येच बसतो. अमेरिकेतल्या चाचण्यांत पाइपाचा उतार, पाण्याचं प्रमाण आणि टॉयलेट पेपर किती चिवट, या तीन गोष्टी निर्णायक ठरल्या. आपल्याकडे पेपर जवळजवळ नाही आणि धुण्याचं पाणी फ्लशशिवाय आणखी जातं, हा आपला फायदा.

शहरासाठी दुसरा उपाय डबल फ्लशचा, आणि तो ऑस्ट्रेलियाचा. सगळ्यात कोरडं वस्ती असलेलं खंड, तिथे हे सुचणं स्वाभाविकच. १९८० साली कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी दोन बटणांची टाकी बनवली, एक ११ लिटरचं आणि एक साडेपाचचं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका गावी चाचणी झाली तेव्हा घरामागे वर्षाला ३२,००० लिटर वाचले. पुढे भांड्याचाच आकार बदलून १९९३ साली हे आकडे सहा आणि तीनवर आणले, आणि मग साडेचार आणि तीनवर. दिवसातल्या पाचपैकी चार खेपा लघवीच्या असतात, आणि त्यांना तीन लिटर पुरतात. आज आपल्या दुकानांत मिळणारा सहा-तीनचा कमोड याच कामाचा वारस आहे.

तो मुंबईत सगळीकडे असेल तर? मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख होती. त्यातले लाखो लोक वस्तीतल्या सार्वजनिक संडासांवर अवलंबून आहेत, त्यांच्या वाट्याला फ्लशची टाकीच नाही. म्हणून फ्लशवाले साठ लाखच धरू. जुन्या दहा लिटरच्या टाकीनं माणशी रोज ५० लिटर जातात. डबल फ्लशनं एक मोठा आणि चार छोटे मिळून १८. माणशी ३२ लिटरची बचत, साठ लाखांची १९ कोटी २० लाख लिटर. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या ज्या प्रकल्पाची आखणी झाली आहे, त्याचा पहिला टप्पा २० कोटी लिटरचा आहे. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव मिळून रोज सुमारे १०.८ कोटी देतात. काहींच्या घरी डबल फ्लश आधीच आहे, त्यामुळे सगळी बचत अजून शिल्लक नाही. पण जुन्या टाक्याही ढिगानं आहेत. ज्यांना कमोड बदलणं परवडत नाही त्यांनी एक लिटरची भरलेली बाटली टाकीत उभी केली, तरी साठ लाख माणसांचे दिवसाला तीन कोटी लिटर वाचतील. तुळशी तलाव रोज १.८ कोटी देतो.

मुंबईच्या पुढच्या पाण्यासाठी पालघर जिल्ह्यात गारगाई धरण योजलेलं आहे, रोजच्या ४४ कोटी लिटरचं. त्यात तानसा अभयारण्यातलं जंगल आणि आदिवासींची गावं जाणार. भातसा, तानसा उशाशी असूनही शहापूर तालुक्यातले कितीतरी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्यांच्या डोंगरातून शंभर किलोमीटर आणलेलं पाणी आपण एका बटणानं दहा लिटरनं सोडतो, हे मला सहन होत नाही.

हाँगकाँगनं तर बहुतेक घरांत गोड्या पाण्याला संडासात येऊच दिलं नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे फ्लशसाठी समुद्राचं पाणी वेगळ्या पाइपांनी घरोघर जातं, ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांना. वर्षाला सुमारे ३० कोटी घनमीटर, म्हणजे रोजचं ८२ कोटी लिटर गोडं पाणी वाचतं. दोन गारगाई जवळजवळ. समुद्रानं वेढलेल्या मुंबईत जुन्या इमारतींना आता दुसरा पाइप घालणं अवघड आहे, पण नव्या वसाहती आखताना हा पर्याय टेबलावर तरी यायला हवा.

डबल फ्लशची एक दुखरी बाजू आहे आणि ती ब्रिटननं अनुभवली. तिथे २००१ पर्यंत टाकीत सायफन सक्तीचा होता. त्यात पाणी आधी वर चढून मग खाली येतं, त्यामुळे ते गुपचूप गळूच शकत नाही. २००१ पासून तळाशी रबरी वॉशर असलेल्या झडपांना परवानगी मिळाली, आणि डबल फ्लश बहुतेक अशाच झडपेवर चालतो. वॉशरखाली कचरा अडकला, क्षार जमले किंवा रबर कडक झालं की पाण्याची एक बारीक चादर भांड्याच्या मागच्या भिंतीवरून आवाज न करता वाहत राहते. असा एक कमोड दिवसाला २०० ते ४०० लिटर घालवतो. ब्रिटनमध्ये विसातला एखादा संडास असा गळतो आणि देशाचं रोजचं सुमारे ४० कोटी लिटर पाणी जातं. चौघांच्या घरात डबल फ्लशनं रोज १२८ लिटर वाचत असतील, तर एक खराब वॉशर ते सगळं गिळून वर आणखी घालवतो. ओळखायचा उपाय सोपा आहे. रात्री झोपण्याआधी टाकीत खाण्याचा रंग टाकायचा आणि फ्लश न करता दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदलायचा. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांनी तर हे वर्षातून दोनदा करावंच.

सध्या मुंबई, ठाणे, पुण्यात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. पुनर्विकासाच्या बैठकांत चटई क्षेत्रावर, पार्किंगवर, लॉबीतल्या फरशीवर तासन्‌तास चर्चा होते. संडासाचं भांडं मात्र बिल्डर निवडतो आणि ते पुढची तीस वर्षं तिथेच राहतं. शंभर फ्लॅटच्या इमारतीत चारशे माणसं धरली, तर दहा लिटरच्या एकेरी टाकीत आणि सहा-तीनच्या डबल फ्लशमध्ये रोजचा फरक १२,८०० लिटरचा. एक अख्खा टँकर, रोज. करारात तीन ओळी घालून घ्या: मोठा आणि छोटा फ्लश किती लिटरचा, त्या पाण्यात भांडं किती ग्रॅम वाहून नेतं, आणि टाकी भिंतीत गाडलेली असेल तर वॉशर बदलायला हात आत जाईल एवढी झडपेची जागा कुठे ठेवली आहे.